आमटीच्या चवीचा समुद्र

परवा डॉक्टरांनी मला मीठ कमी करायला सांगितलं आणि मी त्यांच्या तोंडावरच हसले. ते बिचारे गोंधळले. मीठ जास्त झालं की काय होतं हे मला नववीतच कळलं होतं, आणि ते कळण्यात दोन जीव गेले होते, हे त्यांना कुठून सांगत बसू? बाहेर पन्नास पेशंट ताटकळत होते. मी मुकाट्यानं चिठ्ठी घेतली आणि घरी आले. तेव्हापासून मात्र तो समुद्र डोक्यातून जायला तयार नाही. समुद्र म्हणजे आम्ही उदगीरला, आमच्या अंगणात, दुष्काळात केलेला समुद्र.

आमचं घर पुढून दुकान आणि मागून घर. दुकान किराण्याचं. सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, लिंगपूजा आटोपून कपाळाला विभूती लावून बाहेर यायचे आणि दुकानाच्या फळ्या एकेक करून काढायचे, त्या आवाजानं आम्ही भावंडं उठायचो. मिठाची पोती मात्र रात्रभर बाहेर ओट्यावरच असायची. गूळ आत, डाळ आत, काडेपेट्यासुद्धा आत, पण मीठ बाहेर. मीठ कुणी चोरत नाही, चोरलं तर पचत नाही, असं अप्पा म्हणायचे, आणि खरंच कधी चिमूटभर गेलेलं मला आठवत नाही. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यात आमचं लिंगायत घर, तेव्हा आई ती अव्वाच. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, बस्स. सणाला गव्हाची हुग्गी. तिनं आमटी कधी मापानं केली नाही. पळीतला एक थेंब तळहातावर, तिथून जिभेवर, मग जराशी मान हलवायची आणि मिठाच्या गाडग्यात हात घालायची. स्वयंपाक असाच करतात हे मी तिच्याकडूनच शिकले, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ तेच आहे.

त्या वर्षी दुष्काळ होता. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. यायच्या आधी तोटीतून फुसफुस आवाज झाला, की अख्खी गल्ली कळश्या घेऊन धावायची. सांडपाण्याच्या बादल्या वेगळ्या, वापरायच्या वेगळ्या, आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यात मातीचा मोठा रांजण, तो फक्त पिण्याचा आणि पूजेचा. हात धुतल्याशिवाय त्याच्या झाकणाला कुणी शिवायचं नाही. चार दिवस तेवढ्या रांजणावर सहा माणसं. धाकट्या भावानं एकदा त्यातल्या पाण्यानं गुळणी केली होती, तर अव्वा त्याच्याशी दिवसभर बोलली नव्हती.

अशा दिवसांत आमच्या मुलींच्या शाळेत सावंत बाई आल्या. नवरा बँकेत, त्याची बदली उदगीरला, म्हणून त्या आल्या, आणि विज्ञान शिकवायला लागल्या. थेट कोकणातल्या. त्यांना इथं भाकरी चालायची, ऊन चालायचं, पण समुद्र नाही हे काही केल्या पटायचं नाही. धडा कुठलाही असो, बाई फिरून फिरून समुद्रावर यायच्या. एकदा भरती-ओहोटी सांगत होत्या. ओहोटीला पाणी पार आत जातं, म्हणाल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी काळजीनं विचारलं, "मग परत येतं का बाई?" बाई म्हणाल्या, "येतं की. रोज दोनदा येतं." मग तीच मुलगी म्हणाली, "बघा, त्यान्ला दिवसातून दोनदा, आन् आमाला चार दिसाला एकदा." बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी खडू खाली ठेवला. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, की समुद्राचंही बरं चाललेलं नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून त्यांच्या गावात होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर उपड्या असत, आता इंजिनाच्या मोठ्या बोटी येतात, बारीक जाळीनं पिलंसुद्धा ओढून नेतात. खाडीतली तिवरं तोडतात, आणि त्या झाडांच्या मुळांतच तर माशांची लेकरं वाढतात. कारखान्याचं पाणी सोडतात. एवढं मोठं पाणी आणि तेही नासतं, हे आम्हाला नवलाचं वाटलं. आम्ही आपलं समजत होतो की पाण्याला एकच दुखणं असतं, ते म्हणजे नसणं.

तेवढ्यात जिल्हा झाला. लातूर जिल्हा. आतापर्यंत प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर, म्हणजे जवळच. शाळेच्या कागदांवर छापलेलं उस्मानाबाद मुख्याध्यापिका स्वतः पट्टी धरून खोडायच्या आणि वर झोकदार अक्षरात लातूर लिहायच्या. जुने कागद संपेपर्यंत वर्ष गेलं. नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरणार म्हटल्यावर बाईंनी विषय ठरवला, समुद्र. काचेच्या पेटीत खारं पाणी, तळाशी वाळू, कागदाचे मासे दोऱ्यानं टांगलेले आणि शेजारी तक्ता. मी आणि माझी मैत्रीण शहनाज, आम्ही दोघी लातूरला जायचं. मी तोवर एसटीनं अहमदपूरच्या पलीकडं गेले नव्हते. लातूर म्हणजे माझ्या लेखी मुंबईच. बाई आम्हाला सगळं नीट समजावून आठ दिवसांसाठी गावी गेल्या, आणि जाताना बजावून गेल्या, "मासे कागदाचेच हं."

शहनाजचे वडील हमीदचाचा फोटोच्या फ्रेमा करायचे. त्यांनी काचा कापून, कोपऱ्यांना पत्रा ठोकून, फटींत डांबर भरून पेटी करून दिली. वास असा, की आमचा समुद्र नुकताच रस्त्यावरून उचलून आणल्यासारखा. पाण्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. तो वर्गानं सोडवला. प्रत्येक मुलीनं घरून एकेक तांब्या पाणी आणलं. कुणी आईला सांगून, कुणी न सांगता. रविवारी सकाळी आमच्या अंगणात रांग लागली आणि पेटी भरली. दुष्काळात एवढं पाणी एका जागी बघून गल्लीतली माणसं उगाचच येऊन उभी राहायची.

कागदाचे मासे टांगले, आणि ते दहा मिनिटांत भिजून लोळागोळा झाले. मला तिथंच दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, जिवंत आणू. गावाबाहेरचं तळं आटलेलं होतं, मधोमध फक्त एक खड्डा ओला राहिला होता. त्याची राखण यल्लप्पा मामा करायचे. भोई गल्लीतले, वाळकुडे, सत्तरीचे, खड्ड्याच्या काठी झाडाखाली बसलेले असायचे. त्यांच्या लोकांत नियम होता, कितीही तंगी येवो, त्या शेवटच्या खड्ड्यात जाळं टाकायचं नाही. तिथले मासे म्हणजे पुढच्या पाण्याचं बी. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी दाढी खाजवत विचारलं,

"लातूरला नेऊन काय करतीस?"

"दाखवायचे हायत मामा. समुद्रातले मासे कमी होऊन राहिलेत, ते सांगायचं हाय."

"तितंबी?" मामांनी खड्ड्याकडं बघितलं. मग उठून टोपलीनं बोटाएवढे अकरा मासे काढून आमच्या मडक्यात सोडले. "हे बी हाय पोरी. खायाला न्हाई देत, उसनं देऊन राहिलो. जितंच परत आणायचं. बोल."

मी हो म्हटलं. इतक्या सहज हो म्हटलं, की आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

दुपारी अप्पा दुकानात होते, अव्वा सोप्यात बसून तूर निवडत होती. आम्ही मासे पेटीत सोडले. ते चमकत इकडून तिकडं गेले आणि मला वाटलं, बक्षीस आलंच. पण समुद्र म्हटल्यावर मीठ हवं. किती, ते बाईंनी सांगितलं होतं, पण ज्या कागदावर लिहिलं होतं तो मिळेना. मग मी ओट्यावरच्या पोत्यातून मापटं भरून मीठ आणलं आणि अव्वासारखं केलं. घातलं, ढवळलं, थेंब तळहातावर, तिथून जिभेवर. आमटीपेक्षा जास्त हवं हे नक्की, कारण बाई म्हणाल्या होत्या की समुद्र तोंडात धरवत नाही. म्हणून आणखी एक मापटं. मग आणखी अर्धं. शहनाजनंही चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हां, अब हुआ समुंदर." मिठाच्या त्या पोत्यावर समुद्रकिनाऱ्याचं मोठं चित्र छापलेलं होतं. आम्हाला वाटलं, तिथलंच मीठ, म्हणजे तिथलंच पाणी झालं.

मासे आधी वेड्यासारखे पळायला लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, त्यांना समुद्र आवडला. मग ते वर आले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करायला लागले. एक आडवा झाला. शहनाज ओरडली, "अगे नंदा, मच्छी मर रई!"

अव्वा सूप बाजूला ठेवून आली. इथं अव्वाबद्दल एक सांगायला हवं. बाजारात मासळीची पाटी समोरून आली तर ती रस्ता बदलायची. घरात अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. तिनं पेटीत बघितलं, माझ्या हातातल्या मापट्याकडं बघितलं.

"काय घातलीस?"

"मीठ."

"कामून?"

"समुद्र करायला."

अव्वानं मला शिवी दिली नाही, मारलंही नाही. तिनं फक्त विचारलं, "ह्यांचं पाणी कोनतं हाय?"

"गोडं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं, कारण तोंडातून शब्द निघाला तेव्हाच मला सगळं कळलं.

वापरायच्या बादल्या तळाला गेल्या होत्या, मासे पोहतील एवढं गोडं पाणी घरात एकाच ठिकाणी होतं. अव्वानं बाह्या मागं सारल्या, गळ्यातलं लिंग पदराच्या आत नीट खोचलं आणि दोन्ही हात त्या खाऱ्या पाण्यात घातले. पहिला मासा ओल्या साबणासारखा निसटला. दुसऱ्यांदा तिनं ओंजळ केली. ओंजळ घेऊन ती पळत स्वयंपाकघरात गेली, कोपरानंच झाकण सरकवलं, आणि रांजणात ओंजळ उलटी केली. पिण्याच्या रांजणात. पूजेच्या पाण्यात. मी बघतच राहिले. ती परत आली, मला म्हणाली, "बगत काय राहिलीस, धर की." मग आम्ही तिघी धावत होतो, अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात, आणि जमिनीवर मिठाच्या पाण्याची वाट उमटली होती. अकरापैकी नऊ रांजणात तरले. दोन गेले. अव्वानं ते दोन तुळशीच्या बाजूला पुरले आणि हात धुतले, तेही मोरीतल्या वापरायच्या पाण्यानंच.

थोड्या वेळानं अप्पा जेवायला आले. भाकरीचा घास मोडला, आमटीत बुडवला, आणि म्हणाले, "पाणी."

अव्वा म्हणाली, "ताक देते."

"आधी पाणी दे की."

"पाणी रांजणात हाय."

"मग?"

"रांजणात मासे हायत."

अप्पांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांनी अव्वाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मान वळवून रांजणाकडं बघितलं. मी भिंतीला चिकटून उभी होते. ते म्हणाले, "किती हायत?"

"नऊ."

"बरं," अप्पा म्हणाले आणि घास खाल्ला. "ताक दे मग." पुढं आयुष्यभर घरात पाहुणा आला आणि त्यानं पाणी मागितलं की अप्पा आत वळून विचारायचे, "बघा गं, रांजण रिकामा हाय का भाड्यानं दिलाय." आणि अव्वा तोंडाला पदर लावून हसायची.

नळ यायला अजून दोन दिवस होते. गल्लीत बातमी पसरायला दोन मिनिटं लागली. नावं ठेवणारे होतेच, पण संध्याकाळच्या आत कुणाकुणाच्या घरून तांब्या-तांब्या पाणी आलं. शहनाजच्या अम्मीनं भरलेली कळशी पाठवली. त्या काळी आमच्याकडं त्यांच्या घरचं पाणी चालत नसे. शहनाज कळशी घेऊन दारातच घुटमळली. अव्वा म्हणाली, "आत आण गं, उंबऱ्यावर सांडशील," आणि कळशी चुलीशेजारी ठेवून घेतली. त्याच पाण्यानं रात्रीची आमटी झाली. मी ती दोनदा मागून घेतली.

मामांना सांगायला मी एकटी गेले. दोन मेले म्हटल्यावर त्यांनी "कसे?" असं विचारलं, आणि मी मिठाचं सांगितलं.

"माशाला मीठ मेल्यावर लावतेत, पोरी. तू जित्यालाच लावलीस."

मी मान खाली घातली. ते पुढं म्हणाले, "पाणी बदललं की जीव ऱ्हात न्हाई. दिसाया पाणीच दिसतंय. ज्याला त्यात ऱ्हायचं हाय, त्याला कळतंय." मग टोपी झटकून डोक्यावर ठेवत म्हणाले, "नऊ घेऊन जा लातूरला. हे बी सांग तितं. पण नऊचे आठ झाले तर इकडं तोंड दाखवू नको."

बाई परत आल्या नव्हत्या. प्रदर्शनाला आम्ही पेटी नेली, मिठाचं पाणी तेलाच्या दोन डब्यांत भरून नेलं, आणि मासे गोळ्यांच्या मोठ्या काचेच्या बरणीत, रांजणातल्या पाण्यासकट, माझ्या मांडीवर. एसटीत कंडक्टर म्हणाला, "डब्यात पाणी हाय व्हय? लपवा, लोक पितेत." शहनाज म्हणाली, पिऊ द्या. हॉलमध्ये आम्ही खारी पेटी रिकामीच मांडली, एकही मासा नाही, शेजारी बरणीत नऊ मासे, आणि जे घडलं ते तक्त्यावर जसंच्या तसं लिहिलं. तपासायला आलेले साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे मासे समुद्रातले नाहीत."

मी म्हटलं, "न्हाईत सर. समुद्रबी समुद्रातला न्हाई. आमच्या दुकानातला हाय." ते हसले. मग त्यांनी विचारलं, पेटी रिकामी का? मी सांगितलं. पाणी जरासं बदललं तर अर्ध्या तासात काय होतं ते मी माझ्या हातानं केलंय, आणि समुद्राचं पाणीही माणसं असंच बदलत चाललीत, फक्त तिथं रांजण घेऊन बसलेली अव्वा कुणी नाही. हे शेवटचं वाक्य तक्त्यावर नव्हतं. ते ऐकून साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

खरी गर्दी मात्र वेगळ्याच कारणानं झाली. समुद्र खरंच खारट असतो का, हे बघायला कुणीतरी बोट बुडवून चाटलं. मग रांगच लागली. अख्ख्या नव्या जिल्ह्यानं आमचा समुद्र चाखला. औशाचे, निलंग्याचे, चाकूरचे मास्तर, पोरं, शिपाई. एक आजोबा बाटली घेऊन आले, गुडघ्याला चोळायला थोडा समुद्र द्या म्हणाले. आम्ही दिला. संध्याकाळपर्यंत पेटीतलं पाणी वीतभर उतरलं होतं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कंपासपेटी. पहिलं बक्षीस कुणाच्या तरी सौरचुलीला गेलं, आणि ते योग्यच होतं, कारण त्या वर्षी ऊन भरपूर होतं.

नऊच्या नऊ मासे मी मामांच्या हातात दिले. त्यांनी बरणी उन्हात धरून मोजले आणि खड्ड्यात सोडले. पुढं तळं भरलं. मासे भोई गल्लीत विकायला यायचे, तेव्हा मामा आमच्या दारावरून जाताना मुद्दाम हाक मारायचे, "अव्वा, तुमची नातवंडं आलीत बगा." अव्वा आतूनच म्हणायची, "पुढं जा म्हणा त्यांना."

सावंत बाई निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या आणि मला सारखं बोलवायच्या. शेवटी मी गेले, अव्वाला घेऊन. ती तेव्हा पंचाहत्तरीची. पहिल्यांदा समुद्र बघून ती काय म्हणेल याची मला फार उत्सुकता होती. ती म्हणाली, "एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई," आणि वाळूत बसली. भरतीरेषेवर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्मोकोलचे तुकडे, तुटक्या जाळ्यांचे गुंतवळे पडले होते. बाईंनी पायानं एक पिशवी बाजूला सारली आणि नुसतं, "बघतेस ना," म्हणाल्या. पलीकडं जाळं झटकून झालं होतं. विकण्याजोगं तेवढं टोपल्यांत गेलं होतं, आणि बोटाएवढी पिलं वाळूवर तशीच टाकून माणसं निघून गेली होती. बरीचशी मेलेली. काही अजून उडत होती.

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. वाकली, आणि एक उडणारं पिलू तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं, अगदी त्या दुपारी घेतलं होतं तसंच. मी धावले, म्हटलं पडेल. ती माझ्याकडं वळली.

"नंदा, ह्याचं पाणी कोनतं हाय?"

"हेच, अव्वा. खारंच."

"नक्की ना?"

"नक्की."

ती लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात गेली, ओंजळ उलटी केली, आणि दुसरं आणायला मागं फिरली.